राजगिऱ्याचा विठोबा

रेणापूरहून आत तीन कोस गेलं की बोरवाडी लागते. गाव लहान, देऊळ गावाहून लहान. पण कार्तिकातल्या सप्ताहात तिथं पाय ठेवायला जागा उरत नाही. काकडा, हरिपाठ, कीर्तन, पंगत, सगळं आसपासच्या गावांत असतं तसंच. वेगळेपण एवढंच, की एकादशीला गाभाऱ्यासमोर राजगिऱ्याचा विठोबा उभा राहतो. राजगिऱ्याच्या लाह्या, गुळाचा पाक आणि हाताला लावलेलं तूप, एवढ्यावर हातभर उंचीची मूर्ती घडते. तिला तुळस वाहतात, ओवाळतात, आणि बारशीला काल्याचं कीर्तन झालं की ती फोडून गावभर वाटतात. ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर लोक देवळाच्या शिखराकडं बोट दाखवतात, म्हणजे त्याच्याइतकी जुनी.

गेली अडतीस वर्षं हा विठोबा तारामतीच्या हातून घडत आला होता. त्याआधी तिच्या सासूच्या, भामाबाईंच्या हातून. गावभर सोयाबीन असलं तरी तारामतीच्या बांधाला राजगिऱ्याची एक पट्टी असायचीच. दसऱ्याच्या सुमारास तिचे तुरे गुलालासारखे लाल व्हायचे आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "तारामतीकाकूचा देव पिकायलाय." हे ऐकलं की तिला आतून गोड वाटायचं. ती कीर्तनवेडी बाई. बुवा अभंगाचं पहिलं चरण उचलायचे आणि हिचे डोळे भरायचे. नवरा हणमंतराव टाळकरी, तो म्हणायचा, "बुवांनी नुसतं खोकललं तरी हिला रडू येतंय."

यंदा मात्र दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात सप्ताहाची बैठक बसली आणि हरिओमनं विषय काढला. हरिओम म्हणजे हणमंतरावच्या चुलतभावाचा मुलगा, सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. मनानं निर्मळ, पण लोक काय म्हणतील याचा धाक फार.

"काकू, राग मानू नका," तो म्हणाला. "गेल्या साली तुमी विठोबा फोडतानाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला. लई लांबवर गेला. खाली लोकांनी काय काय लिवलंय! देवाला बत्ता घालून फोडत्यात, हात-पाय तोडून खात्यात, असली कसली भक्ती म्हणं. मला सासुरवाडीत तोंड दाखवायची चोरी झाली."

"मग आता काय म्हनतोस?" हणमंतरावनं विचारलं.

"लातूरहून पेढे आणू. देव फोडायचाच कशाला?"

बैठकीत कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी असं ठरलं, की एकादशीला नांदेडचे व्यंकटरावबुवा कीर्तनाला येणार आहेत, ते सांगतील तसं करायचं. तारामती खांबाला टेकून बसली होती. घरी येताना तिच्या मनात एक काटा शिरला तो शिरलाच. अडतीस वर्षं आपण देवावर बत्ता उगारला. कुणी टोकलं नाही म्हणून ते पाप नव्हतं, असं कुठंय?

त्यातच साच्याला चीर गेली. विठोबाचा साचा सागवानी, दोन पाकळ्यांचा. दोन्ही पाकळ्या मिटून दोरीनं आवळायच्या आणि वरून मिश्रण ठासायचं. दिवाळीनंतर तिनं तो फडताळातून काढला तर मागच्या पाकळीला वरपासून खालपर्यंत भेग. तारामतीनं तो लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि लातूरची गाडी धरली.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तय्यबभाईचं सुतारकामाचं दुकान आहे. हा साचा त्याच्याच आजोबांनी कोरलेला. तय्यबभाईनं तो हातात घेतला, अंगठ्यानं भेग चाचपली आणि हसला.

"वहिनी, दादाजानचं काम हाय हे. बढाई न्हाई मारत, पन बगा की कंबरेवरचे हात कसे कोरलेत! चार दिवसांत देतो. आधी चहा घ्या. अगं, कोन आलंय बग!"

पडद्याआडून त्याची बायको अख्तरी चहा घेऊन आली आणि तिच्या मागून मुलगी मनतशा. ती नांदेडला इतिहासात एम. ए. करत होती, दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली. साचा बघून तिनं सहज विचारलं, "मावशी, यात काय घालता?"

तारामतीनं सांगितलं. राजगिरा, गूळ, देव घडवायचा आणि बारशीला फोडून वाटायचा. मुलीचे डोळे असे चमकले, जणू कुणी तिलाच नावानं हाक मारली.

"अगदी असंच करणारे लोक होते, मावशी! साता समुद्रापलीकडं, मेक्सिको म्हणतात तिथं. ॲझटेक लोक. पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तळ्याच्या मधोमध त्यांचं शहर होतं, पाण्यात चिखलाचे वाफे रचून त्यावर शेती करायचे. राजगिरा त्यांचं मोठं धान्य. त्याचं पीठ गोड पाकात मळून देवाची मूर्ती करायचे. सण झाला की फोडून सगळ्यांना वाटायचे. त्या विधीला त्यांच्या भाषेत नावच होतं, 'देव खाल्ला जातो' असं."

तारामतीच्या हातातली बशी तशीच राहिली. "असंच? आमच्यासारखं?"

"अजून ऐका. एका सणाला लोक डोंगरांच्या मूर्ती करायचे, त्याच पिठाच्या. पाऊस डोंगरावरून येतो ना, म्हणून. डोंगराला तोंड करायचं, भोपळ्याच्या बियांचे दात लावायचे, घेवड्याच्या दाण्यांचे डोळे बसवायचे."

"अगं बाई!" अख्तरी हसली. "डोंगराला दात!"

तारामतीच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणा बायांचे हात असेच चिकट होत होते तर! तिनं पुढं होऊन विचारलं, "मग त्यांना पाप न्हाई लागलं? चांगले लोक होते ना गं?"

मनतशानं एकदा बापाकडं पाहिलं.

"मावशी, मी खोटं न्हाई सांगणार. त्यांनी गाणी रचली, शहरं बांधली, दिवसमासाचा हिशेब ठेवला. आणि ते माणसं बळी बी द्यायचे. काळीज काढून. सूर्य थकंल, उद्या उगवायचा न्हाई, असं त्यांना वाटायचं. दोन्ही खरं हाय."

झालं. अर्धा उतरलेला दगड दुप्पट होऊन परत बसला. तारामतीनं चहा संपवला, चार दिवसांनी येते म्हणून सांगितलं. निघताना मुलीनं एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला, "काही विचारायचं असलं तर करा फोन." तिनं ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचली. गाडीत बसल्यावर तिला एवढंच दिसत होतं: देव फोडून खाणारे दुसरे कोण, तर माणसं कापणारे. म्हणजे आपली रीत आली तरी कुठल्या घरातून?

एकादशीच्या सकाळी तिनं चूल सारवली, आंघोळ करून ओलेत्यानं पाट मांडला. दुरुस्त झालेला साचा तुपानं माखून ठेवला. लाह्या आदल्या दिवशीच फुटून तयार होत्या, पांढऱ्याशुभ्र, हाताला लागतील न लागतील अशा. राजगिऱ्याच्या लाह्या फोडायचं काम मोठं नाजूक. कढई जरा जास्त तापली की दाणा करपतो, कमी तापली की नुसता बसून राहतो. त्यातली ती पक्की होती. पाकातही पक्की होती. देवाचं म्हणून चाखायचं नाही, पण थेंब गार पाण्यात सोडून बघायचा. गोळी कडक झाली की उतरवायचा. हे तिच्या बोटांना पाठ होतं.

त्या सकाळी तिनं थेंब सोडला. गोळी मऊच होती. ते तिला दिसलं. पण त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढं तळ्यातलं ते शहर उभं राहिलं, उंच देऊळ, पायऱ्यांवरून ओघळणारं काहीतरी, आणि तिनं घाबरून कढई खाली घेतली. लाह्या ओतल्या, ढवळल्या, साच्यात ठासल्या. दुपारी साचा उघडला तेव्हा विठोबा उभा राहिला खरा, पण डावा खांदा हळूहळू खचत गेला आणि कंबरेवरचा हात कोपरापासून तुटून पाटावर पडला.

खंडित मूर्ती. तिला ओवाळता येत नाही, पूजेला लावता येत नाही.

हणमंतराव दारात होता. तो धावत आला. "पाक..." एवढंच म्हणाला.

"पाक न्हाई," ती म्हणाली. "मी."

तेवढ्यात मंडपाचं काही विचारायला हरिओम आला. पाटावर तुटलेला हात पाहून त्याचा चेहरा पडला. त्याला वाईटच वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं, "काकू, देवानंच सांगितलं बगा."

तिनं मूर्ती धुतल्या वस्त्रात गुंडाळली आणि पाण्यात सोडायला हणमंतरावकडं दिली. डब्यात बियाण्याच्या दोन कणसांखेरीज राजगिऱ्याचा दाणा उरला नव्हता.

व्यंकटरावबुवा चारच्या सुमाराला आले. नेहमीप्रमाणं हणमंतरावच्याच घरी उतरले. सत्तरीला टेकलेले, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की मंडपाच्या शेवटच्या ओळीला कर्ण्याची गरज पडू नये. फराळाचं ताट पुढं आलं. भगर होती, शेंगदाण्याची आमटी होती, रताळी होती. बुवांनी ताट बघितलं.

"ताई, तुमच्या घरी एकादशीला राजगिरा न्हाई? आज काय सूर्य मांजरा नदीतून उगवला?"

तारामतीनं पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगून टाकलं. हरिओमचं बोलणं, लातूरची ती मुलगी, तळ्यातलं शहर, डोंगराचे दात, बळी, मऊ राहिलेली गोळी. शेवटी म्हणाली, "बुवा, एकच सांगा. माझ्या हातानं अडतीस वर्षं पाप झालं का? उद्याचं उद्या बघू. पेढे आणायचे तर आणू द्या. पर मला एवढं सांगा."

बुवांनी हातातलं रताळं ताटात ठेवलं आणि म्हणाले, "त्या पोरीचा नंबर हाय का?"

फोन लावला. बुवा अंगणात पारावर बसून बोलत राहिले. मधेच त्यांचं हसू ऐकू यायचं, मधेच "हो का? पुन्हा सांग बेटा" असं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हणमंतराव कुजबुजला, "बुवांचा फराळ गार झाला, पन त्यांचं काही संपंना." तारामती दारात उभी राहून बघत होती. बुवा फोन ठेवून उठले ते सरळ मंडपाकडं निघाले. तिला काहीच सांगितलं नाही.

सांजेला मंडप गच्च भरला. बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला, मधे टाळकऱ्यांची रांग. मृदंगावर थाप पडली, वीणा झंकारली, आणि बुवांनी नाम घेतलं. तारामती मागं भिंतीला टेकून बसली होती. आज तिचे डोळे कोरडे होते.

अभंगाचं निरूपण झालं. मग बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"आजचा दृष्टान्त लई लांबून आणलाय, मंडळी. आणि आणून दिला लातूरच्या तय्यबभाईच्या लेकीनं. ऐकणार का?"

"सांगा बुवा!" पुढच्या ओळीतून सरजाबाई ओरडली. ऐंशीच्या घरातली ही म्हातारी प्रत्येक कीर्तनात पुढंच बसायची आणि बुवा चुकले तर चूक सांगायची.

बुवांनी गळ्यातला झेंडूचा हार काढून हातात धरला. "हे फूल कुठलं?"

"आमच्या वावरातलं!"

"वावर तुमचं. फूल मेक्सिकोचं. ॲझटेक लोक हेच फूल देवाला वाहायचे, पितरांना वाहायचे. बरं, सरजाबाई, सकाळी काय खाल्लं?"

"एकादशी हाय बुवा, खानार काय? चिमूटभर भगर, हिरवी मिरची घालून."

"मिरची त्यांचीच! मका त्यांचा. टोमॅटो तर शब्दच त्यांच्या बोलीतला. हणमंतराव, तुमची मिरचीचा ठेचा लावलेली भाकर घ्या, अर्धी परदेशी हाय!"

टाळकऱ्यांत हशा पिकला. हणमंतरावनं कानावर हात ठेवले. बुवांचा आवाज खाली आला.

"त्या लोकांत कवितेला वेगळा शब्द नव्हता म्हणं. कविता म्हणायची असली की म्हणायचे, 'फूल आणि गाणं'. फूल सुकतंय, गाणं विरतंय, पन माणसाजवळ देवाला द्यायला ह्याच्यापरीस चांगलं काय हाय? असं म्हणणारी ती माणसं. आणि ती माणसं राजगिऱ्याचा देव करायची. आपल्यासारखाच. ओवाळायची, फोडायची, वाटून खायची. पावसासाठी डोंगराच्या बी मूर्ती करायची, त्यांना भोपळ्याच्या बियांचे दात लावायची."

मंडपात सळसळ झाली. आणि त्याच वेळी हरिओम उभा राहिला. हातात मोबाईल.

"माफी करा बुवा. मधे बोलू नये. पन मी हे आत्ताच बघितलं. हे लोक माणसं कापायचे! काळीज काढायचे! अशांचं नाव कीर्तनात घ्यायचं?"

तारामतीनं डोळे मिटले. यायचं ते आलंच.

बुवा रागावले नाहीत. "बरं झालं हरिओमराव, तुमीच बोललात. मी झाकून नेणार नव्हतो. खरं हाय. त्यांना भीती वाटायची, सूर्य उद्या उगवंल का न्हाई याची. भीतीनं माणूस काय काय करतो! आपल्या मरीआईपुढं रेडे पडत होते का न्हाई? जुन्या माणसांनी बघितलंय. बोला की सरजाबाई!"

"बघितलंय," सरजाबाई हळूच म्हणाली. "मी लहान होते. दोन दिवस जेवन गेलं न्हवतं मला."

"एकाच गावात भीती बी राहते आणि भक्ती बी राहते. एकाच माणसात राहते. संतांनी काय केलं? भीतीची सुरी काढून घेतली आणि हातात टाळ दिले. त्या ॲझटेक लोकांच्या नशिबात टाळ यायच्या आधी दुसरेच लोक आले. स्पेनचे. तळ्यातलं शहर पाडलं, पोथ्या जाळल्या. आणि त्यांचा डोळा गेला ह्या एवढ्याशा दाण्यावर. ह्याचा देव करून खातात म्हणं हे रानटी! झालं, त्या पिठाच्या देवावर बंदी आली. आता गंमत बगा. जे आले होते, त्यांच्या देवळात, म्हंजे चर्चात बी भाकरीच्या रूपानं देव खायचीच रीत होती! रोज खायचे, आणि समोरच्याचं खाणं त्यांना वळखू आलं न्हाई."

मृदंगवाल्याचे हातसुद्धा मांडीवर थिजले होते.

"दाण्याचं काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"दाणा ऱ्हायला. डोंगराच्या कडेला, परसात, गरिबाच्या बांधाला. आज बी तिथले लोक त्याच्या लाह्या मधात, गुळात बांधून वड्या करत्यात. त्या वडीला त्यांनी नाव ठेवलंय 'आनंद'. आणि मंडळी, तोच दाणा कुण्या जहाजातून, कुणाच्या गाठोड्यातून समुद्र ओलांडून आपल्याकडं आला. पोर्तुगीजांनी आणला असं बरेच म्हणत्यात. नक्की कुणाला ठाऊक न्हाई. आपण काय केलं त्याचं? गहू न्हाई चालत, ज्वारी न्हाई चालत, अशा दिवशी त्याला पानात बसवलं. एकादशीला! तिकडं ज्याला देवापासून तोडलं, तो इकडं चालत आला आणि विठ्ठलाच्या दिवशी विठ्ठलापुढं उभा ऱ्हायला."

सरजाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तारामतीला कळेना, आपल्या गालावरून काय ओघळतंय.

"आता कमिटीनं मला निकाल द्यायला सांगितलंय," बुवा म्हणाले. "मी न्हाई देणार. मी एकच इचारणार. ताई! तारामतीताई, उभ्या ऱ्हावा जरा."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. हणमंतरावनं टाळ खाली ठेवून मान वळवली. बाजूच्या बाईनं तिला कोपरानं उठवलं.

"ताई, बारशीला तुमी बत्ता उचलता, तवा मनात काय असतंय? खरं सांगा. गोड लावून न्हाई."

सगळा मंडप मागं वळून बघत होता. तारामतीनं आठवून पाहिलं. पाप, पुण्य, देव, काळीज, काही काही आठवेना. आठवली फक्त परात, आणि परातीसमोर पसरलेले हात.

"बुवा," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच परका वाटला, "मनात एकच असतंय. सगळ्यांना पुरंल का? मागं बसलेल्या पोराबाळांना, आजाऱ्यांना, पाव्हण्यांना. तेवढंच. दुसरं कधीच काय आलं न्हाई मनात."

बुवांनी वीणेकडं पाहून मान हलवली आणि "विठ्ठल विठ्ठल" असा काही सूर लावला, की पहिल्यांदा टाळ, मग मृदंग, मग टाळ्या, सगळं एकदम उठलं. निकाल कुणी वाचून दाखवला नाही. गरजच राहिली नाही.

कीर्तन सुटल्यावर तारामती घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. मन हलकं झालं होतं, पण पाट रिकामाच होता. हणमंतराव म्हणाला, "पुढच्या साली करशील." ती "व्हय" म्हणाली. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. हरिओमची बायको वर्षाराणी उभी होती, हातात स्टीलचा डबा.

"काकू, उपासाच्या लाह्या हायेत आमच्या. दुकानातल्या हायेत. चालंल का देवाला?"

"तुला कुणी पाठवलं गं?"

वर्षाराणीनं हसून मागं हनुवटीनं खूण केली. फाटकापाशी हरिओम उभा होता, आत यायला लाजत. तारामतीनं हाक मारली, "अरे ये की! सासुरवाडीत तोंड लपवतोस ते लपवतोस, इथं बी का?"

तो आला. खाली बघूनच म्हणाला, "काकू, दुपारी मी बोललो ते..."

"ते ऱ्हाऊ दे. सरजाबाईकडं जाऊन ये, तिच्याकडं असतील लाह्या. आणि गूळ बघून आण, काळा नको."

पहाटे काकडा चालू असतानाच तारामतीच्या अंगणात बाया जमल्या. कुणाच्या वाटीत लाह्या, कुणाच्या पदराच्या ओटीत, कुणाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. काही पांढऱ्या, काही करपलेल्या, काही अर्ध्याच फुटलेल्या. सगळ्या एका परातीत पडल्या. वर्षाराणीनं पाकाचा थेंब पाण्यात सोडला आणि तारामतीकडं बघितलं.

"झाला का, काकू?"

"बोटानं दाब. मऊ हाय का?"

"हाय."

"मग थांब. घाई करू नको. मी काल केली."

थांबल्या. दुसऱ्या थेंबाची गोळी वाटीच्या तळाला टणकन वाजली, आणि सगळ्या बायांनी एकदम "आता!" म्हटलं.

साचा उघडला तेव्हा विठोबा नेहमीसारखा एका रंगाचा निघाला नाही. ठिकठिकाणी तांबूस, कुठं काळसर ठिपके, ठिगळ लावल्यासारखा. पण दोन्ही हात कंबरेवर घट्ट. सरजाबाईनं आपल्या चंचीतून भोपळ्याच्या सोललेल्या बिया काढल्या आणि देव गरम होता तोवर गळ्याशी एकेक दाबून माळ घातली.

"हे काय गं म्हातारे?" एकीनं विचारलं.

"त्या डोंगरवाल्या बायांची आठवन," सरजाबाई म्हणाली. "त्यांचं मोडलं, आपलं ऱ्हायलं. एवढं तर करावं."

काल्याच्या कीर्तनाला तय्यबभाई, अख्तरी आणि मनतशा लातूरहून आले. बुवांनीच फोन करून बोलावलं होतं. तय्यबभाई मूर्तीभोवती फिरून आपल्या आजोबांच्या साच्यातून उतरलेले कंबरेवरचे हात बघत राहिला. दहीहंडी फुटली, काला झाला, आणि बत्ता तारामतीच्या हातात आला. हरिओमनं परात धरली. त्याच्या खिशात मोबाईल होता. त्यानं तो काढला नाही.

तिनं डोळे मिटले, देवाला हात जोडले आणि बत्ता टेकवला. लाह्यांचा कुरकुरीत आवाज झाला आणि गुळाचा वास मंडपभर पसरला. पहिला घास बुवांना, दुसरा मनतशाला. मुलीनं तो डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या बोटानं चिमूट तोडली आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"मावशी," ती म्हणाली, "पुस्तकात चव नव्हती लिहिलेली."

यंदा गर्दी जास्त होती. कीर्तनाची बातमी आसपासच्या वाड्यांत गेली होती. परात फिरत राहिली, हात येत राहिले. तारामती नुसती तळाकडं बघत होती. पुरंल का? मागच्या रांगेतल्या लहानग्यांना मिळालं. घरी आजारी पडून असलेल्या बसलिंगप्पासाठी पानात बांधून दिलं. शेवटचा हात आला आणि गेला, आणि परातीत फक्त गुळाचा ओला डाग राहिला.

"तुझं?" हणमंतरावनं विचारलं.

"पुरलं," ती म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं.

हरिओमनं परात खाली ठेवली. आपल्या वाट्याला आलेला तुकडा त्यानं मधोमध मोडला आणि मोठा अर्धा तिच्या तळव्यावर ठेवला. "काकू, आसं न्हाई चालायचं. पुढच्या साली दोन विठोबा करावं लागतील."

"दुसरा साचा कुठनं आणू रे?"

मागं उभ्या असलेल्या तय्यबभाईनं विठोबाच्या रिकाम्या पाटावर वीत टेकवली. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा मोजून बघितलं, आणि कानामागची पेन्सिल काढली.